दोनशे चादरी आणि एक लाल दोरा

रुग्णालयाच्या तळघरातलं धुलाईचं मशीन ज्या दिवशी बंद पडलं, त्या दिवशी त्यानं आधी तीन उचक्या दिल्या, मग एक लांबलचक सुस्कारा सोडला आणि पोटातल्या छत्तीस चादरींसकट कायमचे डोळे मिटले. चादरमावशींनी त्याच्या झाकणावर हात ठेवला. एकवीस वर्षांचा सहवास. पोटच्या लेकीला जेवढी अंगाई ऐकवली नसेल, तेवढी गाणी त्यांनी या मशीनला ऐकवली होती.

त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथंच राहिलं होतं. डॉक्टरांपासून शिपायापर्यंत सगळे चादरमावशीच म्हणायचे. मशीनच्या घरघरीवर आपलंच काहीतरी जुळवून गायची त्यांना खोड होती:

*अगं अगं चादरी, तुझा डाग का जाईना,*
*दुखणं कुणाचं गं, साबणाला कळेना.*

मेकॅनिक आला. त्यानं मशीनच्या पोटात टॉर्च मारला आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तशा आवाजात म्हणाला, "मावशी, आता घरी न्या."

नव्या मशीनसाठी अर्ज गेला. उत्तर एका ओळीचं आलं: 'सदर बाबीचा विचार स्पर्धेनंतर करण्यात येईल.'

स्पर्धेनंतर! या शब्दानं शहरात नुसता धुमाकूळ घातला होता. चाळीस देशांचे खेळाडू येणार, अकरा दिवस खेळणार, म्हणून शहर गेलं वर्षभर श्वास रोखून बसलं होतं. दिवस हलाखीचे. दर पंधरा मिनिटांनी येणारी बस तासाला एक झाली, वाचनालय आठवड्यातून दोनच दिवस उघडू लागलं, रस्त्यावरच्या तीन दिव्यांतला एकच पेटायचा. रुग्णालयात कापूस तर अत्तराच्या फायासारखा कानामागे ठेवावा इतकाच मिळायचा. आणि नदीपलीकडे स्टेडियमचं छप्पर बटण दाबलं की पापणीसारखं उघडत होतं, मिटत होतं. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. पगारवाढ? स्पर्धेनंतर. गटाराचं झाकण? स्पर्धेनंतर. शेवटी लोकांनीही तो शब्द आपलासा केला. उसनवारी फेडायची, दाढ काढायची, नवऱ्याशी अबोला सोडायचा, सगळं स्पर्धेनंतर.

चादरमावशींच्या लेकीचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी दिलेली तारीख नेमकी उद्घाटनाची, शनिवारची. लेक पोटावर हात फिरवत म्हणाली, "आई, मी बाळाला सांगून ठेवलंय, बाबा रे, स्पर्धेनंतर ये."

"तुझं कधी ऐकलंय का कुणी?" मावशी म्हणाल्या. "तू स्वतः पंधरा दिवस आधी आलीस. पाहुण्यांच्या पंगतीत."

मशीन गेल्यावर मावशी हातानं धुऊ लागल्या. मोठ्या पातेल्यात उकळायच्या, दगडावर घासायच्या, पिळताना कंबर धरायची. जिवाचं रान केलं तरी दिवसाकाठी चाळीस चादरी. रुग्णालयाला लागायच्या शंभरावर. उरलेल्या तळघरात साचत गेल्या; आधी ढीग झाला, मग डोंगर.

सोमवारी मेट्रनबाईंनी बोलावून घेतलं. मेट्रनबाई म्हणजे एका नजरेत ताप उतरवणारी बाई. पण त्या दिवशी त्यांचाच चेहरा उतरलेला.

"मावशी, वरून पत्र आलंय. शनिवारी दुपारी बारापर्यंत दोनशे स्वच्छ चादरी कपाटात दिसल्या नाहीत, तर प्रसूती विभाग बंद. बायकांना शेजारच्या शहरात पाठवायचं म्हणतात."

"कशानं?"

"बसनं."

"कुठल्या बसनं?"

"ते विचारलं मी," मेट्रनबाई म्हणाल्या. "त्याचं उत्तर स्पर्धेनंतर."

मावशी घरी आल्या त्या तशाच भिंतीला टेकल्या. डोळ्यांसमोर लेक दिसत होती, कळा देत बसथांब्यावर उभी. त्यांच्या नवऱ्याचा सामान वाहायचा जुना टेंपो होता. तो दारातच चाक पुसत होता. बराच वेळ चाक पुसून झाल्यावर म्हणाला, "धाकटीकडे बारा मशीनं आहेत."

"कोण धाकटी?"

"आपली. माझ्या भावाची बायको. स्पर्धेच्या धुलाईघरात देखरेखीला लागलीय. खेळाडूंच्या वसाहतीत."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

नवऱ्यानं पुन्हा चाक पुसायला घेतलं. बारा वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं आणि बारा वर्षं दोघे भाऊ दर गुरुवारी स्टँडमागं गुपचूप चहा पीत होते, हे मावशींना त्या क्षणी कळलं. एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. पण गरज पडली की रागसुद्धा रांगेत उभा राहतो.

भांडण झालं होतं ते सासूबाईंच्या खुणेवरून. सासूबाईंची लाँड्री होती, अर्ध्या शहराचे कपडे तिथं यायचे. घरचे आणि गिऱ्हाइकांचे कपडे एकत्र होऊ नयेत म्हणून त्या लाल दोऱ्याची गाठ मारायच्या. कशाला मारायच्या, इथंच सगळं घोडं अडलं. थोरली म्हणे, गाठ परक्याच्या कपड्याला, म्हणजे तो परत द्यायचा हे ध्यानात राहतं. धाकटी म्हणे, गाठ घरच्या कपड्याला, म्हणजे तो बाहेर जात नाही. सासूबाई हयात होत्या तोवर दोघींना म्हणत, "बरोबर आहे तुझं." त्या गेल्या, आणि एका गिऱ्हाइकाच्या लग्नाचा कोट दिराच्या अंगावर निघाला. मग काय, भांडी वाटली, इस्त्र्या वाटल्या, चूल वेगळी झाली. खूण तेवढी वाटता आली नाही. दोघींनी ती अख्खीच्या अख्खी नेली, आपापली.

मंगळवारी सकाळी टेंपोत चादरींची सहा गाठोडी घालून मावशी वसाहतीच्या फाटकाशी पोहोचल्या. पहारेकऱ्यानं यादी काढली.

"काय आहे यात?"

"कुस्तीगिरांच्या गाद्यांच्या खोळी."

त्यानं यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. "या स्पर्धेत कुस्ती नाहीये, मावशी."

"म्हणून तर इतके दिवस धुवायच्या राहिल्या!"

पहारेकऱ्याला हे पटलं नाही, पण खोडताही येईना. त्यानं फाटक उघडलं.

धुलाईघरात पाऊल टाकलं आणि मावशींचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. बारा मशीनं. एकसारखी, शुभ्र, काचेच्या गोल डोळ्यांची. धुणं झालं की गाणं म्हणायची. आणि बाराच्या बारा चालू होती. मधे एका स्टुलावर धाकटी बसली होती, हनुवटीला हात लावून. बारा वर्षांत तिच्या केसांत पांढरं आलं होतं. मावशींना उगाच वाटलं, हे आपल्याला न विचारता आलं.

"खेळाडू तर यायचेत," मावशी म्हणाल्या. बारा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे. "मग धुतेस काय?"

"टॉवेल." धाकटी उभी राहिली. "चाळीस आहेत. साहेबांचा हुकूम आहे, पाहुणे कधीही बघायला येतील, मशीनं चालू दिसली पाहिजेत. सकाळी धुते, दुपारी धुते, संध्याकाळी धुते. मळलेले नाहीतच हो ते, जाऊबाई! धुऊन धुऊन पार विरलेत. हा बघा, यातून मला तुम्ही दिसताय."

तिनं टॉवेल धरला. पलीकडून तिचे डोळे भरलेले मावशींना दिसले.

"माझ्याकडे मळलेल्या आहेत," मावशी म्हणाल्या. "दोनशेवर. लेकीचे दिवस भरलेत, धाकटे."

"आपल्या छकुलीचे?"

"आता कसली छकुली. दारातून आत यायची तर आधी पोट येतं, मग ती."

धाकटीनं एका मशीनचं दार उघडलं, टॉवेल बाहेर फेकले आणि पदर खोचला. बारा वर्षांचा अबोला तसा संपला. खुणेचा विषय मात्र दोघींनी काढला नाही. नुकत्याच धरलेल्या खपलीला कोण नख लावणार?

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, 'कुस्तीच्या खोळी' येत राहिल्या, जात राहिल्या. खेळाडू उतरू लागले, पण त्यांच्या कपड्यांना तीन मशीनं पुरली. स्पर्धेचे साहेब एकदा येऊन बाराही मशीनं गरगरताना पाहून खूश झाले. "छान! जिवंत वाटतंय!" म्हणाले. हे साहेब उंच होते, घाईत असायचे आणि कुठल्याही खोलीत शिरताना टाळ्या पडतील अशा बेतानं शिरायचे. आत काय धुतलं जातंय हे त्यांनी विचारलं नाही. काळ्या तळघरातला डोंगर वितळत गेला. शेवटच्या दोनशे चादरी तेवढ्या उरल्या, प्रसूती विभागाच्या कपाटात ठेवायच्या. त्या शनिवारी सकाळी धुऊन निघणार होत्या.

आणि शुक्रवारी स्टेडियमवर रंगीत तालीम झाली. उद्घाटनाला दोनशे स्वयंसेवक दोनशे पांढरीशुभ्र वस्त्रं हवेत उडवून समुद्राची लाट करणार होते. मैदानाला इतकं पाणी पाजलेलं, की लाट चिखलातच फुटली. शनिवारी सकाळी ती दोनशे वस्त्रं धाकटीच्या दारात येऊन पडली. चादरीएवढीच, चादरीसारखीच पांढरी. संध्याकाळच्या आत हवीत.

मावशी आठ वाजता पोहोचल्या तर धाकटीला साहेबांनी बैठकीला बोलावलेलं. जाता जाता ती ओरडली, "जाऊबाई, जाळीच्या पिशव्यांत भरून लावा मशीनला! खूण तेवढी करा!"

मावशींनी भरलं. चादरींच्या दहा पिशव्या, वस्त्रांच्या दहा. लाल दोरा काढला आणि हात थांबला.

गाठ कशाला? आपल्या रीतीनं परक्याला. म्हणजे इथून बाहेर जायच्या त्या चादरींना. पण हे घर आज धाकटीचं. तिनं बारा वर्षं विसरून दार उघडलं. आता आपण तिच्याच घरात आपलीच टिमकी वाजवायची? जाऊ दे. आज तिच्या रीतीनं. मावशींनी मोठं मन करून गाठी मारल्या त्या घरच्या कपड्याला, म्हणजे उद्घाटनाच्या वस्त्रांना. मन इतकं मोठं झालं की छाती भरून आली.

शेवटची गाठ पडते न पडते तोच नवरा धावत आला. "चल लवकर. छकुलीनं बाळाला सांगून ठेवलेलं त्यानं ऐकलं नाही!"

मावशी टेंपोत बसून गेल्या. अर्ध्या तासानं धाकटी परतली. मशीनं एकापाठोपाठ एक गाऊ लागली. तिथं आणखी एक नवलाचं यंत्र होतं: ओल्या कपड्याचा गोळा त्याच्या तोंडात टाकला की तो आतल्या आत उलगडायचा, वाळायचा, इस्त्री होऊन चौपदरी घडीत बाहेर यायचा. माणसानं कापड डोळ्यांनी पाहायची गरजच नाही. ज्या पिशवीतला माल त्याच पिशवीत भरून धाकटी उभी राहिली. दहा पिशव्यांना लाल गाठ, दहांना नाही.

माझ्या रीतीनं बघितलं तर गाठीच्या घरच्या, ती मनाशी म्हणाली. पण गाठी मारल्यात कुणी? थोरलीनं. तिनं मारल्या त्या तिच्याच रीतीनं. बिचारी लेकीच्या काळजीत, बारा वर्षांनी माझ्या दारात आली. आता तिची खूण माझ्या डोळ्यांनी वाचू? छे! तिची खूण तिच्या रीतीनं. गाठ म्हणजे परक्याचं. धाकटीनंही मोठं मन केलं आणि गाठीच्या दहा पिशव्या मावशींना सोडून परत आलेल्या टेंपोत चढवल्या.

बारा वर्षं दोघी हटून बसल्या तर कुणाचा रुमालसुद्धा हरवला नाही. एका सकाळी दोघींनी एकाच वेळी माघार घेतली, आणि झाला घोटाळा.

बाराला पाच कमी असताना पिशव्या प्रसूती विभागात पोहोचल्या. मेट्रनबाईंनी पहिली घडी उलगडली. मऊसूत कापड, काठाला बारीक सोनेरी रेघ. त्यांनी ते नाकाशी नेलं, खिडकीशी नेलं.

"मावशी, हे काय?"

मावशींनी ओळखलं, ही तर लाटेची वस्त्रं. पण पलीकडच्या खोलीतून लेकीची हाक आली, "आईऽ!" आणि वरून चादरी मोजायला आलेला कारकून घड्याळ बघत दारात उभा.

मेट्रनबाईंनी कारकुनाकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं. "पांढरं आहे ना?"

"आहे."

"उकळलंय?"

"कडकडून."

"मग चादरच आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "लिहा, दोनशे."

कारकुनानं सोनेरी रेघेवरून हात फिरवला. "रुग्णालयाची परिस्थिती सुधारलेली दिसते," असं म्हणून त्यानं सही केली. विभाग उघडा राहिला.

दुपारभर मावशी लेकीचा हात धरून होत्या. स्टेडियमला कळवायचं त्यांच्या मनात चार वेळा आलं आणि चारही वेळा लेकीनं हात असा आवळला की मनातलं मनातच राहिलं. संध्याकाळी सहाला बाळ आलं. मुलगी. आल्या आल्या तिनं असा काही टाहो फोडला की बाहेरच्या टीव्हीवरचं राष्ट्रगीत कुणाला ऐकू आलं नाही. तिला सोनेरी काठाच्या कापडात गुंडाळलं. मावशी तिला छातीशी धरून बाहेर आल्या तर सगळा विभाग टीव्हीपुढे.

"आणि आता," निवेदक सांगत होता, "दोनशे तरुण आपल्यासमोर साकारणार आहेत समुद्राची लाट!"

लाट उठली. कॅमेरा जवळ गेला. प्रत्येक कापडाच्या मधोमध, कुणी चोरू नये म्हणून मावशींनी स्वतःच्या हातानं मारलेला निळा ठळक शिक्का होता: 'सरकारी रुग्णालय, प्रसूती विभाग. बाहेर नेऊ नये.'

निवेदक अडखळला. "या लाटेवर आपल्याला... काही संदेश दिसतोय. आणि हे... हे एक तांबूस बेट." ते बेट मावशींच्या ओळखीचं होतं. आयोडीनचा डाग. सात वर्षं त्यांनी त्याच्यावर हाडं झिजवली होती.

"गेली माझी नोकरी," मावशी पुटपुटल्या. "धाकटीचीही गेली."

स्टेडियम चिडीचूप. पडद्यावर साहेब दिसले, रंग उडालेले. तेवढ्यात पाहुण्यांच्या रांगेतली एक वयस्कर परदेशी बाई उठली. शेजारच्यानं तिला शिक्क्याचा अर्थ सांगितला असावा. तिनं छातीवर हात ठेवला आणि टाळ्या वाजवू लागली. मग तिची रांग उठली, मग अख्खं स्टेडियम. वरच्या स्वस्त बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "अरे, यातल्या एका चादरीवर मी जन्मलोय!" आणि असा हशा पिकला, की छप्पर उघडं होतं म्हणून बरं. साहेबांनी एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा टाळ्यांकडे, आणि मग हळूच उठून कमरेत वाकले, जणू ही कल्पना त्यांना वर्षापूर्वीच पहाटेच्या चालण्यात सुचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब रुग्णालयात हजर. मागे फोटोवाले. धाकटीही आली होती, बाळाच्या पाळण्याशी बसलेली. दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं आणि उठून उभ्या राहिल्या. फोटोवाले बाळाकडे वळले तसे साहेब मावशींच्या कानाशी आले.

"झालं ते झालं. लोकांना आवडलंय. मी काही बोलत नाही, तुम्हीही काही बोलू नका. फक्त आमची वस्त्रं तेवढी परत द्या. समारोपाला लागणार आहेत."

मावशींनी विभागावरून नजर फिरवली. अठरा खाटा, अठरा सोनेरी काठ. पाळण्यांत सात गाठोडी, त्यातली तीन ओली.

"देऊ की," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "स्पर्धेनंतर."

साहेबांनी चोरून फोटोवाल्यांकडे पाहिलं. धाकटीला ठसका लागला.

"आणि साहेब," मेट्रनबाईंनी फोटोवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आमचं नवं मशीन कधी येतंय?"

"ते स्पर्धे..." साहेबांनी जीभ चावली. तीन कॅमेरे त्यांच्याकडे वळले होते. "उद्या," ते म्हणाले. "उद्या दोन पाठवतो. तिकडे बारा आहेत. बाराचं काय करायचं आहे!"

"तेच मी म्हणत होते," धाकटी म्हणाली. "टॉवेल तरी वाचतील."

साहेब गेल्यावर दोघी पाळण्याशी बसल्या. चूक कुणाची, हे आता निघणारच होतं.

"मी तुमच्या रीतीनं वाचलं हो," धाकटी म्हणाली.

"मी तुझ्या रीतीनं बांधलं."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"आणि तुला गं?"

आवाज चढले. सात बाळं जागी झाली. मेट्रनबाईंनी दारातून एक नजर टाकली आणि दोघींचा ताप उतरला. मग दोघी उठल्या, बादलीतलं ओलं कापड एकेका टोकाला धरून पिळू लागल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. मावशी हलकेच गुणगुणल्या:

*चादरीची दोन टोकं, दोघी जावांच्या गं हाती,*
*उलट्याच पिळानं बाई, घट्ट होती सारी नाती.*

हात पुसून धाकटीनं कमरेचा लाल दोरा काढला आणि नातीच्या गुंडाळीच्या कोपऱ्याला एक गाठ मारली.

मावशींनी पाहिलं. त्यांच्या रीतीनं बघितलं, तर हे परक्याचं, परत करायचं. बोलायला त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात बाळानं झोपेतच मूठ वळली, आणि गाठ त्या मुठीत गेली.

"बरोबर आहे तुझं," मावशी म्हणाल्या.